फलाट सहा, सायखेडा

"एक कागद भरायला दिला, तर माणूस अक्षर काढत बसलंय. चहा गार झाला, फ्लास्क गार झाला, आता पेशंट गार व्हायची तेवढी राहिली."

सुमेधावहिनी हे कुणाला ऐकू जावं म्हणून बोलल्या नव्हत्या, आणि ऐकू जाऊ नये म्हणूनही नव्हत्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बोलण्याची एक मधलीच पट्टी शोधून ठेवली होती. नवऱ्याच्या कानाला लागावं, पण त्याला उत्तर देता येऊ नये, अशी. त्या उशाशीच बसल्या होत्या, त्यामुळे डोळे मिटून पडलेल्या साधनाच्या कानात ते सगळ्यात आधी पडलं. तिनं हसू गिळलं. गिळताना गळ्यातली गाठ वर गेली आणि पुन्हा जागेवर येऊन बसली, शहाण्या मुलीसारखी.

खिडकीखाली स्टुलावर तिचा थोरला भाऊ, दिवाकरदादा, बसला होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर हॉस्पिटलचा कागद. बासष्टाव्या वर्षीही त्याची लिहिण्याची बैठक तीच, जी वडिलांनी, अण्णांनी, आठव्या वर्षी रामकुंडावर लावून दिली होती. त्यांच्या घराकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या. कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन येत, आणि अण्णा त्यांना त्यांच्याच पणजोबानं याच पायरीवर केलेली सही काढून दाखवत. मग खाली नवी नावं घालायची. शाई सुकल्याशिवाय पुढचं नाव विचारायचं नाही, हा अण्णांचा नियम. त्याच नियमानं आणि त्याच अक्षरात दादा आता 'कुटुंबातील आजारांचा इतिहास' भरत होता.

स्वानंदीनं त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. ती दादाची एकुलती एक, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, आज आत्यासाठी सुट्टी टाकून आलेली.

"बाबा, हे काय? सहा नावं?"

"कुटुंबात कोण कोण, असं विचारलंय ना. पिता, पितामह, प्रपितामह. माता, पितामही, प्रपितामही. कोण कशानं गेलं तेही घातलंय."

"'प्रपितामही, प्लेगच्या साथीत.' बाबा, ते थायरॉइडचं विचारतायत."

"मग तेही लिहिलंय की खाली. 'गळ्याची गाठ: कोणासही नाही.'"

वहिनींनी फ्लास्कचं झाकण लावलं. जरा जास्तच घट्ट. साधनानं डोळे उघडले आणि छताकडे पाहत राहिली.

दादा खोटं लिहीत नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्या लेखी कागद पूर्ण होता. कुटुंब म्हणजे ज्यांना आपण पाणी द्यायचं ते. लेक दिली की ती नवऱ्याच्या पानावर जाते, आणि ते पान बहुधा दुसऱ्या उपाध्यायाच्या वहीत असतं. घाटावर कुणी बहिणीचं नाव सांगू लागलं, तर दादा अगदी नम्रपणे म्हणायचा, "त्या आता तिकडच्या." हे तो यजमानांना सांगे तेव्हा कामाचा भाग होता. घरी सांगायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, कारण घरी कुणी विचारत नव्हतं.

साधनाला एक बहीण होती. तीन वर्षांनी मोठी. तिचं नाव एकतीस वर्षांत त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं, त्यामुळे साधनाच्या मनातसुद्धा ते झिजून नुसतं 'ताई' एवढंच उरलं होतं. ताई अण्णांचा डबा घेऊन घाटावर जायची. तिथं सायखेड्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा वडिलांच्या दहाव्याला आला होता. नुकताच गोटा केलेल्या माणसात तिनं काय पाहिलं, हे कोडं आईला मरेपर्यंत सुटलं नाही. वर्षभरानं ताई त्या गोरक्षबरोबर निघून गेली. अण्णा रोज दहा जणांना मेलेल्या माणसांच्या नावानं आंघोळ घालायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतः केली, जिवंत मुलीच्या नावानं. दादानं टॉवेल धरला होता. साधना तेव्हा तेवीस वर्षांची, वरच्या पायरीवर चपला सांभाळत उभी.

त्यानंतर तिला स्थळं येईनाशी झाली. मग तिनं एसटीत नोकरी धरली आणि जुन्या सीबीएसवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारू लागली. अण्णांनी शेवटच्या आजारपणात दोन्ही मुलांकडून वचन घेतलं, की तिचं नाव काढायचं नाही आणि तिच्याशी बोलायचं नाही. साधनानं ते वचन अक्षरशः पाळलं. पण दिवसातून सहा वेळा माइकचं बटण दाबून ती म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सायखेड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे." याला अण्णांना काही म्हणता आलं नसतं. ते महामंडळाचं वेळापत्रक होतं.

अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, तिच्या खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. गळ्याभोवती सुती ओढणी. वाऱ्यानं ओढणी सरकली आणि गळ्यावर आडवी, ताजी, गुलाबी रेघ दिसली. वर चेहरा ताईचा. साधनानं सायखेड्याची गाडी पुकारली. बाई उठली नाही. मग साधनानं तीच गाडी दुसऱ्यांदा पुकारली, आणि बाई उठून, खिडकीकडे न बघता, फलाट सहाकडे गेली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत आणि दर ऑगस्टमध्ये. बोलणं एकदाही नाही. एक ऐकायची, एक ऐकवायची. साधनाचं वर्षच त्या दोन महिन्यांत विभागलेलं होतं.

यंदा फेब्रुवारीत ताई आली नाही. ऑगस्टमध्येही नाही.

आणि मग साधनाला स्वतःचीच गाठ दिसली. दिसली ती तिला नव्हेच, लंकाबाईला. सायखेड्याहून पंचवटीत भाजी आणणारी लंकाबाई मेथीची जुडी देता देता थांबली. "ओ ताई, गळ्याला काय हाय ते? लय दिसतंय. आमच्याकडं बी एकीला अशीच..." एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि मेथीत दोन मुळे फुकट घातले.

तीनच्या सुमाराला डॉक्टर दराडेबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना पेशंटच्या खाटेच्या कडेवर बसणाऱ्या. उद्या सकाळी ऑपरेशन होतं. त्यांनी फाइल उघडली, एका कोऱ्या कागदावर गळा काढला आणि गळ्यात दोन पाकळ्या, मधून जोडलेल्या.

"आपट्याचं पान," साधना म्हणाली.

बाई थांबल्या. "हो की. मी वीस वर्षं फुलपाखरू सांगतेय लोकांना. पान जास्त बरं आहे. तर बघा, पानाच्या या उजव्या अंगाला तुमची गाठ. साडेतीन सेंटिमीटर. सुई घालून पेशी तपासल्या, पण त्यात ती साधी आहे की वाईट, हे नक्की ठरलं नाही. असं पुष्कळांचं होतं. घाबरायचं कारण नाही, पण ती वाढतेय आणि गिळताना अडकतेय, म्हणून काढायची. गळ्याच्या सुरकुतीतच आडवा छेद घेते. उजवं अंग काढायचं, डावं ठेवायचं. काढलेलं तपासायला जाईल. वाईट निघालं, तर मग डाव्याचा विचार."

"आणि अर्ध्या पानावर भागतं?" वहिनींनी विचारलं.

"बऱ्याच जणांचं भागतं. नाही भागलं तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पूर्ण काढलं तर मात्र गोळी जन्मभर. पानाच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्या दुखावल्या तर ओठांना, बोटांना मुंग्या येतात. आल्या तर अंगावर काढायचं नाही. लगेच सांगायचं."

"सांगायची आमच्याकडे पद्धत नाही," वहिनी मधल्या पट्टीत म्हणाल्या.

साधनानं मनात घोकलेला प्रश्न आता विचारला. "आवाज?"

बाईंनी पेन्सिलीनं पानाच्या मागून एक बारीक रेघ ओढली. "ही नस. शिवणाच्या दोऱ्याएवढी. स्वरयंत्राला हीच हलवते. आम्ही आधी तिला शोधतो, मग पान सोडवतो. तरी शंभरातल्या पाच-सहा जणांचा आवाज काही आठवडे बसतो. एखाद्याचा कायमचा बिघडतो. शून्य धोका म्हणाले, तर खोटं बोलल्यासारखं होईल. का? गाता?"

"गाड्या पुकारते. सीबीएसवर."

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, मग मी तुम्हाला ओळखते. कॉलेजला असताना शनिवारी सिन्नरला घरी जायचे मी. तुम्ही म्हणायचात, 'सुटण्याच्या तयारीत आहे.' अजून धावत सुटावंसं वाटतं ते ऐकलं की."

सगळे हसले. दादासुद्धा. त्या हसण्यातच बाईंनी भरलेला कागद उचलला, सहा नावं वाचली, प्लेगपाशी भुवई वर केली.

"छान अक्षर आहे. पण हे सगळे वर गेलेले. खालचे सांगा. हिचे सख्खे भाऊ, बहिणी?"

वरचा पंखा फिरत होता. कुणीतरी बाहेरून ट्रॉली नेली.

"मी आहे," दादा म्हणाला. "मला काही नाही."

"तुम्ही एकटेच?"

दादानं उपरण्याची घडी सारखी केली. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वीस वर्षं गळे बघितलेल्या बाईला, शब्द कुठे अडकलाय, ते कळत असावं.

"का विचारते ते सांगते," त्या म्हणाल्या. "या ग्रंथीच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे, क्वचित दिसणारा. तो कधी कधी घराण्यातून येतो. भावंडांमध्ये, मुलांमध्ये. सुईच्या तपासणीत तो निसटू शकतो. तसा संशय असेल, तर आधी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. कारण त्याच्याबरोबर कधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही गाठ असते, आणि ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब असा उसळतो, की टेबलावरच माणूस हाताबाहेर जातं. शिवाय मग अर्धं पान काढून चालत नाही, सगळं काढावं लागतं. नसेल घरात कुणाला, तर उत्तम. उद्या सकाळी आठला घेते. पण नीट आठवून सांगा. पाचला मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना घेऊन येते."

आपट्याच्या पानाचा कागद खाटेवर ठेवून त्या गेल्या.

स्वानंदीनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. "मला कुणी सांगणार आहे का?"

"काय सांगायचंय?" दादा म्हणाला.

"मला एवढंच माहितीय, की एक आत्या होती, आणि तिचा विषय काढला की आजोबा ताटावरून उठायचे. ती आहे का नाही, तिला काही झालं होतं का, एवढं तरी सांगा. मीही या घराण्यातच आहे, बाबा. माझाही गळा आहे."

वहिनींनी पिशवीतून डबा काढला, उघडला, परत बंद केला. "यंदा बेदाणे आले नाहीत," त्या म्हणाल्या.

"कुठले बेदाणे?" दादानं विचारलं.

"तुम्ही दर पाडव्याला शिऱ्यात घालून खाता ते. 'यंदाचा बेदाणा गोड आहे' म्हणून दोनदा मागून घेता. विकतचे नसतात ते. सायखेड्याची लंकाबाई पिशवीत टाकते माझ्या. मी विचारत नाही, ती सांगत नाही. एकवीस वर्षं झाली."

दादानं बायकोकडे असं पाहिलं, जसं घाटावर एखादा यजमान भलतंच गोत्र सांगतो तेव्हा बघायचा. "म्हणजे अण्णा असताना, अण्णांच्याच ताटात..."

"अण्णांना तर फार आवडायचे," वहिनी म्हणाल्या.

साधनाला आतून हसायला आलं, ते तिथंच थांबलं. यंदा बेदाणे आले नाहीत. म्हणजे धागा तिचा एकटीचाच तुटला नव्हता. वहिनींचाही तुटला होता. दोघी एका स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायच्या. वर्षभर दोघींनी एकमेकींपासून एकच भीती लपवली होती. आणि आत्ता वहिनींनी तिच्याकडे बघितलं तेव्हा दोघींना ते एकदमच कळलं. वहिनींनी नजर काढून घेतली.

"स्वानंदी, चल," त्या उठत म्हणाल्या. "खाली कॅन्टीनला इडली मिळते का बघू. बहीण-भावाला जरा बसू दे."

"आई, पण..."

"चल म्हणते ना."

दोघी गेल्यावर खोली मोठी झाली. दादानं स्टूल ओढून खाटेजवळ घेतलं. आपट्याच्या पानाचा कागद उचलून बघत राहिला. मग कागदाकडेच बघत म्हणाला, "सायखेड्याची गाडी तू दोनदा पुकारतेस."

साधना उठून बसली. "तुला काय माहीत?"

"त्र्यंबकला जायला सीबीएसवर येतो ना मी. बाकी सगळ्या गाड्या एकदा. ती दोनदा. दुसऱ्यांदा होईपर्यंत थांबतो. मग माझी गाडी धरतो."

"किती वर्षं?"

"मोजली नाहीत."

दादा काही मोजायचा विसरेल, हे शक्य नव्हतं. तिनं ते तसंच सोडून दिलं. तिच्याकडेही एक गोष्ट होती, आणि आज ती ठेवून घेण्यात अर्थ नव्हता.

"आणि तू सर्वपित्रीला प्रपितामहीचं नाव घेतल्यावर थांबतोस," ती म्हणाली. "एक श्वास. मी मागे दर्भ घेऊन बसते ना, मला ऐकू येतो. दरवर्षी वाटतं, आता घेईल. दरवर्षी वाटतं, नको घ्यायला."

दादानं कागदाला एक घडी घातली. "अण्णांची आज्ञा होती, तिचंही घे. मेलेल्यांत, मनातल्या मनात घे. जिवंत माणसाला पिंड कसा देणार, साधना? हात चालेना. आणि दिला नाही, हे त्यांना कळूनही चालणार नव्हतं. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडायचो. त्यांना वाटायचं, मी मनात घेतलं."

"अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, दादा."

"हो."

"मग?"

"मग काय. इतकी वर्षं तोंड शिवून बसलेला माणूस एके दिवशी उठून काय म्हणेल तिला? कुठून सुरुवात करेल?" त्यानं चष्मा काढून उपरण्याला पुसला. चष्म्याशिवाय तो एकदम अण्णांसारखा न दिसता आईसारखा दिसायचा. "तू पुकारतेस तेवढं तरी करतेस. मी नुसता ऐकतो."

खिडकीबाहेर मुंबई नाक्याचे हॉर्न चालू होते. साधनाला वाटलं, उद्या दुपारी जाग येईल तेव्हा हा आवाज असेल का आपल्याजवळ? गेला तर जाऊ दे, निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत. कुणीतरी दुसरी मुलगी बसेल खिडकीत, नीट पुकारेल. पण ती सायखेड्याची गाडी एकदाच पुकारेल. आणि बाकावरची बाई, असलीच तर, दुसऱ्या हाकेची वाट बघत बसून राहील आणि तिची गाडी चुकेल.

असलीच तर.

"ती वर्षभरात आली नाही, दादा," साधना म्हणाली. "फेब्रुवारीत नाही. ऑगस्टमध्ये नाही. बाक रिकामा. मी तीनतीनदा पुकारली. कंट्रोलर साहेब म्हणाले, बाई, सायखेड्याला काही सोनं वाटतायत का? मी त्यानंतर लंकाबाईला एकदाही विचारलं नाही. विचारलं आणि तिनं सांगितलं तर? न विचारता ती निदान आहे."

दादा स्वतःच्या हातांकडे बघत होता. त्याचं ते गप्प बसणं साधनाला ओळखीचं होतं. अस्थी घेऊन आलेल्या माणसांसमोर तो असाच बसायचा, त्यांचं रडं ओसरेपर्यंत.

"पाच वाजता बाई येतील," ती म्हणाली. "मी मरायला तयार नाही, हे आधी सांगते. तू नाही बोललास तर मी बोलेन. मला तिच्या गळ्यावरची रेघ माहितीय, तेवढं सांगेन. पण ती नुसती माहिती होईल, दादा. तू बोललास तर तिला घर मिळेल. मी वाट बघितलीय ती त्याची. बाकावरच्या बाईची नाही बघितली एवढी, तुझी बघितली."

नर्स रक्तदाब मोजायला आली. पट्टा फुगला, उतरला. "जास्त आहे, मावशी. टेन्शन घेतलं का?" साधना म्हणाली, "थोडं." नर्सनं आकडा लिहिला आणि गेली. तोवर वहिनी आणि स्वानंदी इडली घेऊन आल्या. इडली कुणी खाल्ली नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना दराडेबाई आल्या. बरोबर भूल देणारे डॉक्टर, उंच, हातात नवी फाइल.

"हं. काही आठवलं का?"

साधनानं तोंड उघडलं. पण दादा आधीच उभा राहिला होता. उपरणं दोन्ही खांद्यांवर घेऊन, पाठ सरळ करून. घाटावर संकल्प सांगायला उभा राहतो तसा.

"आठवायचं नव्हतंच, डॉक्टर. विसरलो असतो तर आठवलं असतं. मला बहिणी दोन. ही धाकटी. हिच्याहून तीन वर्षांनी मोठी एक आहे. अकरा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या आधी, माघात, तिचे यजमान रामकुंडावर माझ्याकडे आले होते. तपासणीचा कागद दाखवला त्यांनी."

"काय लिहिलं होतं? अंदाजानं सांगा."

"अंदाज कशाला. 'मेड्युलरी कार्सिनोमा, थायरॉइड.' गाठ डावीकडे, दोन पूर्णांक एक सेंटिमीटर. तारीख अठरा जानेवारी. खाली सही होती, ती लागली नाही."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "अकरा वर्षांपूर्वी एकदा बघितलेला कागद?"

"एकदा वाचलेलं आम्ही विसरत नाही, साहेब. आमचं पोट त्यावर आहे."

दराडेबाईंनी डोळे मिटून उघडले. "हाच तो प्रकार," त्या म्हणाल्या. "बरं झालं बोललात."

"आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

हे वहिनींनी विचारलं. मधल्या पट्टीत नाही. बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनासुद्धा ऐकू गेलं असेल, इतकं स्वच्छ. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच दादाला उत्तर देता येईल असं.

"अण्णा दोन पायऱ्या वर बसले होते," दादा म्हणाला. "तिचे यजमान नुसते म्हणत होते, एकदा भेटायला या, तिला तेवढंच बरं वाटेल. मी म्हटलं, या नावाचं आमच्यात कुणी नाही. त्यांनी कागदाची घडी घातली. वाकून नमस्कार केला मला. आणि गेले."

स्वानंदी बापाकडे बघत राहिली. वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि साधनाचं पाऊल चादरीवरून धरून ठेवलं.

"उद्याचं ऑपरेशन नाही," दराडेबाई फाइलवर लिहीत म्हणाल्या. "आधी रक्त, लघवी, पोटाचं स्कॅनिंग. तुमचीही तपासणी करायची, काका. हिचं काय येतंय, त्यावर या मुलीचं ठरवू. आणि तुमच्या बहिणीचे सगळे जुने रिपोर्ट लागतील मला. अशा पेशंटना दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला बोलावतो आम्ही, त्यामुळे त्यांच्याकडे असणारच."

दर सहा महिन्यांनी. फेब्रुवारी आणि ऑगस्ट. साधनानं उशीचा कोपरा मुठीत धरला. ताई तपासणीला यायची. आणि तिथून घरी जायच्या आधी बाकावर बसायची. तपासणीला येणारं माणूस यायचं थांबतं, ते का थांबतं?

"त्यांच्याशी बोलता येईल ना?" बाईंनी विचारलं. मग खोलीतला अंदाज घेऊन आवाज उतरवला. "म्हणजे, त्या... आहेत ना?"

वर्षभर जे साधनानं लंकाबाईला विचारलं नव्हतं, जे वहिनींनी बेदाण्यांच्या रिकाम्या बरणीला विचारलं नव्हतं, ते एका परक्या बाईनं सहज विचारून टाकलं होतं. स्वानंदीनं आईचा खांदा धरला.

दादानं श्वास घेतला. साधनानं तो ओळखला. सर्वपित्रीचा. प्रपितामहीनंतरचा.

"सायखेड्याची वही आमच्याकडे नाही, आमच्या शेजारच्या नानांकडे आहे," तो म्हणाला. "तिकडचं माणूस गेलं, की दहाव्याला घरचे येतात आणि त्या पानावर नाव चढतं. मी दर अमावास्येला नानांकडे जातो. चहा घेतो. ते आत गेले, की त्यांची वही उघडून ते पान बघतो. नाना मुद्दामच आत जातात. एकतीस वर्षं. गेल्या गुरुवारीही बघितलं." त्यानं साधनाकडे पाहिलं, फक्त साधनाकडे. "तिचं नाव त्या पानावर चढलेलं नाही."

मग तो डॉक्टरांच्या फाइलकडे वळला. पेन त्यांच्या हातात तयार होतं. शेवटच्या पायरीवर, पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल, अशा आवाजात, शाई सुकायला वेळ देत, एकेक शब्द सुटा करून त्यानं सांगितलं.

"लिहा. योगिनी. हयात."